खालचा धैवत

हितेंद्रने चार बोटं एकदम पेटीवर टेकवली, भाता सोडला, आणि नलू दचकली. तसं बघायला गेलं तर काहीच झालं नव्हतं. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांमागे एका जिन्याखाली हितेंद्रचं पेट्या दुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, आत दोन माणसं बसली की तिसऱ्याने रस्त्यात उभं राहायचं. तिथे ती आपली पेटी परत न्यायला आली होती आणि स्टुलावर बसली होती. भात्याचं चामडं विरलं होतं, ते त्याने नवीन घातलं होतं, आणि आता ते वारा कसं धरतं ते दाखवत होता. "एक सूर दाबून नाय कळत मावशी, चार एकदम दाबायचे. चारींना वारा पुरला पाहिजे," असं तो म्हणाला, आणि दाबले. आवाज आला तो रडका नव्हता, गोडही नव्हता. रडू यायच्या आधी घसा दाटतो आणि माणूस अजून बोलायचं बघत असतो, तसा काहीतरी. नलू सहासष्ट वर्षांची, डिलाईल रोडच्या चाळीतल्या महिला भजन मंडळात तीस-बत्तीस वर्षं पेटीवर बसणारी बाई. सूर कानावर पडला की तो कुठला, हे तिला सांगावं लागत नाही. पण या वेळी कानाच्या आधी हाताला कळलं. मांडीवर ठेवलेला तिचा उजवा हात आपोआप वीतभर वर उचलला गेला, पेटीवरून हात काढून घ्यावा तसा, आणि हवेत तसाच राहिला. तो हात बघून तिला आठवलं. अगं बाई, हे तेच आहे. माझ्या पोरीने, आरोहीने वाजवलं होतं ते.

"परत वाजव," ती म्हणाली. हितेंद्रला वाटलं सूर खराब लागला. "काय झालं? कणसूर वाटतो काय?" "नाही रे. तू वाजव परत." त्याने वाजवलं. नलूने डोळे मिटून खालून एकेक सूर सोडवून घेतला. सगळ्यात खाली धैवत. त्याच्यावर सा, मग कोमल गंधार, मग पंचम. "सा मध्ये कसा काय?" तिने विचारलं, थोडी तक्रार केल्यासारखं. हितेंद्र हसला. तरुणपणी तो गणपतीच्या दिवसांत लालबागला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, त्यामुळे हे त्याच्या बोटांतलं होतं, आणि कुणी विचारलं की त्याला सांगायला आवडायचं. "हे बघा मावशी. मूळ बैठक अशी," म्हणत त्याने सा, कोमल ग, प आणि ध एकदम दाबले. "मायनर सिक्स्थ बोलतात याला. आता खालचा सा उचलला, वरच्या सप्तकात टाकला. ग खाली आला. ऐका. आता ग उचलला, वर टाकला, पंचम खाली. आता पंचम पण वर. खाली कोण उरला? धैवत. सूर तेच चार. माणसं तीच, खाली कोण बसलंय तेवढं बदललं." प्रत्येक वेळी त्याने भाता हलकेच दिला, आणि प्रत्येक वेळी त्या चार सुरांचा चेहरा वेगळा झाला. सा खाली होता तेव्हा घरातल्या घरात कुणी उसासा टाकावा तसं वाटलं. धैवत खाली आला तेव्हा पायाखालची जमीनच सरकली. "काय लोक याचं नाव पण बदलतात, धैवतावरनं ठेवतात," हितेंद्र म्हणाला, "मी नाय त्या भानगडीत पडत." नलूने विचारलं, "म्हणजे हे चूक नाही?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "चूक कशी असेल मावशी? जुनं आहे हे खूप. चर्चमध्ये वाजतं, सिनेमात वाजतं. तुम्ही हजार वेळा ऐकलं असेल." ते खरंच असणार. हजार वेळा ऐकलं असेल आणि हजार वेळा कानाआड केलं असेल, कारण तिच्या लेखी हे सूर एकदाच वाजले होते आणि त्याचा निकाल तिने जागच्या जागी लावून टाकला होता.

पेटी मांडीवर घेऊन ती टॅक्सीत बसली. परळच्या पुलावर गाडी अडकली, ड्रायव्हर फोनवर कुणाशी तरी भांडत होता, आणि नलू बाबांशी भांडत होती. तिचे बाबा, सीतारामबुवा, दिवसा गिरणीत साच्यावर कापड विणायचे आणि संध्याकाळी भजनात बसायचे. मुलींनी पेटीला हात लावायचा नाही असा तेव्हा चाळीत दंडक. पण बाबांनी नलूला शेजारी बसवलं, तिची बोटं स्वतःच्या बोटांखाली धरून फिरवली, आणि एकच गोष्ट शिकवली, ती मरेपर्यंत पुन्हा पुन्हा सांगितली. "सगळा बुडला तरी चलात, पण खालचो सा सोडू नको गो." भजनात बायका भरकटतात, टाळ पुढे पळतात, ढोलकीवाली जांभई देते, पेटीवालीने खाली सा धरून ठेवायचा, म्हणजे सगळ्या फिरून घरी येतात. नलूने तो धरला. लग्न झालं तेव्हा धरला, नवऱ्याची, शिवाची गिरणी बंद पडली तेव्हा धरला, शिवा वॉचमनच्या नोकरीवरून सकाळी डोळे लाल करून यायचा आणि दोघांच्यात शब्दाला शब्द लागायचा, तेव्हा गुरुवारची भजनाची संध्याकाळ आणि खालचा सा एवढंच तिच्या हातात राहिलं होतं. बाबांचं काही चुकलं नव्हतं. पण दुसरं कुणी सा वर ठेवून धैवताला खाली बसवू शकतं, आणि तरी कुणी बुडत नाही, हे बाबांना कुठे माहीत होतं? त्यांना माहीत नव्हतं म्हणून तिला माहीत नव्हतं. आणि सतरा वर्षांच्या पोरीला माहीत होतं.

आरोही तेव्हा बारावीला होती. कीबोर्ड तिला शिवाने आणून दिला होता, आणि परळच्या एका क्लासमध्ये ती जायची. घर म्हणजे एक खोली. कीबोर्ड वाजला तर शेजारी राधाबाई भिंतीवर हात आपटणार, म्हणून पोरगी कानाला इअरफोन लावून वाजवायची. बाहेर ऐकू यायचा तो फक्त प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा टपटप आवाज. चार महिने नलूने भाकऱ्या थापता थापता ती टपटप ऐकली आणि तिला वाटायचं, काय शिकते देव जाणे, आमच्या वेळी सूर तरी ऐकू यायचा. पण मनातून ती फुशारली होती. दत्तजयंतीला चाळीच्या पटांगणात मंडळाचं भजन असायचं. त्या वर्षी तिने हट्टाने जाहीर केलं की माझी आरोही शेजारी कीबोर्डवर बसेल. राधाबाईंनी नाक मुरडलं. त्या मंडळातल्या सगळ्यात जुन्या, टाळ वाजवायच्या, पेटीही बरी वाजवायच्या, आणि नलूच्या जागेवर त्यांचा डोळा होता हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. "भजनात तां इलेक्ट्रिक कित्याक?" त्या म्हणाल्या. नलू म्हणाली, बघा तर खरं. आरोहीला तिने स्वतःची मोरपंखी साडी नेसवली, केसात अबोलीचा वळेसर माळला, आणि पटांगणात आणून बसवलं.

बागेश्रीतला अभंग होता. पहिलं कडवं, दुसरं कडवं छान झालं. कीबोर्डचा आवाज पेटीच्या मागे मागे, सून सासूच्या मागे चालते तसा. शेवटच्या कडव्याला बायका धृपदावर, म्हणजे पहिल्या ओळीवर येऊन 'सा'वर थांबल्या, नलूनेही सा लावला, लांबवला, आणि नेमक्या त्या क्षणी आरोहीच्या डाव्या हाताने खाली धैवत धरला. वर सा, ग, प, खाली ध. नलूला वाटलं पाट ओढला कुणी बुडाखालचा. सगळा अभंग एका बाजूला कलला. तिने आरोहीकडे बघितलं, पोरीचे डोळे मिटलेले, ओठांवर किंचित हसू. आणि नलूने पेटीवरून हात उचलला. चालत्या भजनात. मंडळात येणाऱ्या प्रत्येक नव्या बाईला नलू पहिल्या दिवशी सांगायची की भजनात कुणाचं चुकलं तर बाकीच्यांनी ते अंगावर घ्यायचं, टाळ जोरात वाजवायचे, गजर झाल्यावर काय बोलायचं ते बोलायचं, पण देवापुढे माणसाला अर्ध्यावर उभं करायचं नाही. तिने उभं केलं. टाळ थांबले, ढोलकी दोन थापा पुढे जाऊन थांबली. खुर्च्यांवर बसलेली माणसं वळून बघायला लागली. "खालचा सूर चुकलाय तुझा," नलू म्हणाली. माईक चालू होता. आरोहीने डोळे उघडले, तिच्याकडे बघितलं, मग बायकांकडे, मग पुन्हा तिच्याकडे, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. नलूने धृपद पुन्हा उचललं. कीबोर्डशिवाय. राधाबाई टाळ वाजवताना मान हलवत होत्या, नलूचं बरोबर आहे म्हणून. त्या मान हलवण्याचं नलूला त्या दिवशी बरं वाटलं होतं. आता टॅक्सीत ते आठवलं आणि तिला स्वतःची किळस आली.

त्या दिवशी घरी ती दोन तास बोलत होती, नाक कापलंस म्हणाली, चार महिने काय टपटप करत होतीस म्हणाली. शिवा कोपऱ्यात बसून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "माका तरी बरां वाटलां गो तां." त्यावर नलूने त्याला असं काही झापलं की तो चपला घालून खाली निघून गेला. शिवाला सुरातलं काही कळत नाही हे तिने आयुष्यभर धरून ठेवलं, आणि तो गेला त्यालाही आता सहा वर्षं झाली. आरोहीने कीबोर्ड कापडात गुंडाळून माळ्यावर टाकला. क्लास सोडला. नलूला वाटलं, बारावीचं वर्ष आहे, बरंच झालं. पुढे पोरगी बी.कॉम. झाली, विमा कंपनीत लागली, यशोधनशी लग्न करून गिरगावला गेली. कीबोर्डचा विषय पुन्हा कधी निघाला नाही. दोघींत भांडण म्हणावं तर तेही नाही. सणावाराला येणं-जाणं, औषधं आणून देणं, डॉक्टरकडे नेणं सगळं आरोहीच करायची. फक्त ती कधी भजनाला आली नाही, आणि घरात गाणं लागलं असलं की उठून दुसरं काहीतरी करायला जायची. नलू लोकांना सांगायची, आमच्या पोरीला गाण्याची गोडी नाही.

घरी पेटी आणल्यावर नलूने ती उघडलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चाळ सुस्तावली तेव्हा दार लोटून बसली. तिच्या डाव्या हाताला भाता, म्हणजे चारही सूर उजव्या हातानेच धरायचे, आणि अनामिका हल्ली आखडते. आधी सा खाली ठेवून धरून बघितलं. जमलं. वर धैवत जरासा टोचत होता, पण ताटात लिंबाची फोड असावी इतपतच. मग सा वर नेला, गंधार खाली. मग पंचम खाली. एकेक पायरी तिने लहान मुलीसारखी म्हणून पाठ केली. धैवतावर आली की मात्र कान बंड करायचा; खाली जो बसेल त्यालाच तो सा म्हणायचा, आणि मग बागेश्री कुठली न् काय कुठलं, सगळंच परकं व्हायचं. दोन दुपारी अशाच गेल्या. राधाबाई, आता ऐंशीच्या, गॅलरीतून विचारून गेल्या, "काय गो नलू, पेटी बिघडली काय परत?" नलू म्हणाली, वारा बघतेय. तिसऱ्या दुपारी तिला एक गोष्ट सुचली, इतकी साधी की आधी सुचली नाही याचं नवल वाटावं. तिने खाली धैवत धरून ते चार सूर लावून ठेवले आणि वरून स्वतःच्या गळ्याने धृपद म्हटलं. शेवटी 'सा'वर आली. थांबली. आणि काही बुडालं नाही. तिचा सा तिच्या गळ्यात जागच्या जागी होता, आणि त्याच्या खाली एवढी मोठी जागा मोकळी झाली होती की अभंगातलं मागणं एकदम खरं वाटायला लागलं, देव समोर नसताना मागितल्यासारखं. तिला सगळं कळलं. त्या दिवशी पोरीने सा सोडला नव्हता. आई सा धरून आहे, ती काही सोडायची नाही, हे धरून चालूनच पोरीने खाली धैवत ठेवला होता. आईच्या भरवशावर ठेवला होता. नलूने भाता सोडून दिला आणि पदर तोंडात धरून रडली, कारण शेजारी ऐकू गेलं असतं.

रविवारी ती बसने गिरगावला गेली. खिडकीशी बसून सगळा रस्ता एकच वाक्य घोकत गेली: तुझं चुकलं नव्हतं. बाकीचं काय ते आपोआप येईल. यशोधन आंघोळीला गेला होता. आरोही स्वयंपाकघरात ओट्यापाशी मेथी निवडत उभी होती. एकोणचाळीस वर्षांची, कानाजवळ पांढरं झालेलं, चष्मा डोक्यावर सरकवलेला. नलूने स्टूल ओढलं, मेथीची अर्धी जुडी आपल्याकडे घेतली. पेटी आली का, आली, भाता बरा आहे ना, बरा आहे. मग नलू म्हणाली, "आरू, तो दत्तजयंतीचा अभंग आठवतो का गं तुला?"

"आठवतो," आरोही म्हणाली. हात चालूच होते.

"तुझं चुकलं नव्हतं." आणि मग नलूने सगळं सांगितलं, हितेंद्र, चार सूर, एकेक सूर वर कसा टाकायचा, शेवटी धैवत खाली कसा येतो, आणि आपला सा आपल्याच गळ्यात कसा होता. बोलता बोलता तिची बोटं ओट्याच्या कडेवर ते सूर दाबून दाखवायला लागली. आरोही शांतपणे ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "हो. माहीत आहे मला."

"कधी कळलं?"

"तेव्हाच. चार महिने तोच बसवत होते मी आई. क्लासच्या सरांनी दाखवला आणि मला वाटलं, हा तुझ्या सा-खाली घालायचा. चुकेल कसा?"

नलूच्या हातातली मेथी तशीच राहिली. "मग बोलली का नाहीस तू?"

"काय बोलणार? माईक चालू होता. मी बरोबर आहे म्हटलं असतं, आणि कुणीतरी विचारून खात्री केली असती, तर राधामावशींनी तुला त्याच आठवड्यात पेटीवरून उठवलं असतं. तूच सांगायचीस ना रोज, त्या टपून बसल्यात म्हणून." आरोहीने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "गिरणी बंद पडल्यावर बाबांचं ते तसं चाललेलं. तू दिवसभर सगळ्यांवर धुसफुसत असायचीस. गुरुवारी पेटीवर बसलीस की तेवढी बरी असायचीस. घरी यायचीस ती गुणगुणत यायचीस. मला ते जायला नको होतं."

"पण मग घरी तरी. नंतर कधीतरी."

"नंतर वाजवत राहिले असते तर कधी ना कधी तुला कळलंच असतं ना गं. तुझे कान काय कमी आहेत? म्हणून बंद केलं." दूध नासलं म्हणून ओतून दिलं, इतक्या सरळ आवाजात ती हे बोलली. नलूने विचारलं, अजून येतं का वाजवायला. आरोहीने ओल्या हातांकडे बघितलं. "नाही. एकदा ऑफिसच्या पिकनिकला होता कीबोर्ड कुणाचा तरी. बसून बघितलं. बोटं गेली आई. खरंच नाही येत आता."

नलूला वाटलं होतं, आपण पोरीच्या डोक्यावरचं ओझं उतरवायला निघालोय. 'मी चुकले' या दुःखात पोरगी बावीस वर्षं राहिली असेल, ते आज सुटेल, मग ती रडेल, आपण रडू. पोरगी त्या दुःखात एक दिवसही राहिली नव्हती. बावीस वर्षं दर गुरुवारी नलू ताठ मानेने पेटीवर बसली, ती या पोरीने बसवली म्हणून, आणि त्यासाठी पोरीने काय टाकलं ते टाकताना साधा आवाजसुद्धा केला नाही. जे वाक्य घोकून आणलं होतं ते तर आरोहीकडे आधीपासून होतं. दुसरं वाक्य नलूने आणलं नव्हतं. "चुकलं गं माझं," ती म्हणाली, पण तिचं तिलाच ते तोकडं वाटलं. डोळ्यांतून पाणी मेथीवर पडत होतं आणि ती पानं खुडतच राहिली.

आरोहीने तिच्या पुढ्यातली जुडी काढून घेतली, नळाखाली धरली. "जेवून जा," ती म्हणाली. बाथरूमचं दार वाजलं, यशोधन बाहेर येत होता, तशी ती जरा जवळ सरकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "आणि आई, हे मंडळात कुणाला सांगत बसू नकोस हं. उगाच तुला हसतील."